एअर शो कमी का होत चाललेत? नऊ विमानांमागचं माणसांचं गणित

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुदलाचा एअर शो झाला. कठड्यावर बसायला जागा मिळावी म्हणून मी तीन तास आधी जाऊन बसलो होतो. सूर्यकिरणची लाल-पांढरी विमानं आली आणि माझ्यासकट आख्ख्या गर्दीने मोबाइल वर केले. घरी येऊन व्हिडिओ बघितला, तर त्यात भरपूर आभाळ, समोरच्या काकांची टोपी आणि शेवटची चार सेकंद नुसता धूर. नेटवर्क इतकं बसलं होतं की मित्राला पाठवलेला "कुठे आहेस?" हा मेसेज मी चर्चगेटला गाडीत बसल्यावर पोचला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि आमची अर्धी टीम इंग्लंडमध्ये बसते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका कॉलवर विमानांचा विषय निघाला. मी मरीन ड्राइव्हचं कौतुक सांगत होतो, तेवढ्यात बोर्नमथजवळ वाढलेला एक सहकारी म्हणाला, "आमचा या महिन्यात आहे, पण हा शेवटचा." लहानपणापासून त्याचे वडील त्याला एअर शो बघायला घेऊन जायचे. मला वाटलं गंमत करतोय, पण गंमत नव्हती. बोर्नमथ एअर फेस्टिव्हल २००८ पासून समुद्रकिनारी भरायचा, बघायला फुकट, खर्च मुख्यतः तिथल्या नगरपालिकेचा. २०२४ नंतर नगरपालिकेने हात काढून घेतला. एखाद्या खासगी आयोजकाने तो चालवावा असा प्रयत्न झाला, पण कुणी पुढे आलं नाही. २०२५ मध्ये त्या किनाऱ्यावर एअर शो झाला नाही.

इकडे आपल्याला उभं राहायला जागा मिळत नाही आणि तिकडे शो बंद पडतायत, हे कसं काय? तेव्हापासून मी याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. या लेखात मुख्यतः ब्रिटनबद्दल लिहितो, कारण लष्करी एअर शोची परंपरा तिथे फार जुनी आहे आणि ती आटत जाण्याची गोष्टही तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसते.

एकेकाळी प्रत्येक तळाचे दरवाजे उघडे असायचे

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जी हवाई लढाई झाली, तिची आठवण म्हणून युद्धानंतर दर सप्टेंबरमध्ये रॉयल एअर फोर्स, म्हणजे आरएएफ, आपले हवाई तळ सामान्य लोकांसाठी उघडायची. एकाच दिवशी देशभरातल्या डझनावारी तळांवर लोक जायचे, विमानांना हात लावून बघायचे, वर कसरती चालू असायच्या. आपल्याकडे जत्रेला जातात तसं. त्या काळात घरटी कुणी ना कुणी सैन्यात होतं किंवा जाऊन आलं होतं, कारण तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. ती भरती १९६० साली थांबली.

पुढे एकेक दरवाजा बंद होत गेला. स्कॉटलंडमधल्या ल्यूकर्स तळावरचा शो २०१३ ला शेवटचा झाला. तो तळ सैन्याकडे जायचा होता आणि तिथली लढाऊ विमानं दुसरीकडे हलवली जाणार होती. वॉडिंग्टनचा शो तर मोठा, एका वीकेंडला लाखाहून जास्त लोक यायचे. २०१४ नंतर धावपट्टीच्या कामासाठी तो थांबला आणि मग कायमचाच गेला. कारण असं दिलं गेलं की वॉडिंग्टन आता टेहळणी विमानांचा आणि ड्रोन चालवणाऱ्यांचा तळ आहे, तिथे लाखभर अनोळखी माणसं आत घेणं सुरक्षेला आणि रोजच्या कामाला परवडणारं नाही. आज आरएएफचा स्वतःचा म्हणता येईल असा एकच नियमित शो उरलाय, जूनमध्ये कॉसफर्डला होतो तो.

यात एक साधं गणित आहे. १९९० च्या सुमारास आरएएफमध्ये जवळपास ९०,००० कायमस्वरूपी माणसं होती. आज ती ३०,००० च्या थोडी वर आहेत. म्हणजे तीन माणसांच्या जागी एक.

पण एअर शोला माणसं लागतात कशाला?

मलाही आधी वाटायचं की एक पायलट, एक विमान, थोडं पेट्रोल, झालं. (पेट्रोल नाही, विमानाचं इंधन रॉकेलच्या घराण्यातलं असतं. असो.)

रेड ॲरोज ही आरएएफची कसरत टीम घ्या. आकाशात नऊ लाल विमानं दिसतात. त्यामागे सव्वाशेच्या आसपास माणसं आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे इंजिनियर आणि तंत्रज्ञ. त्यांना 'ब्लूज' म्हणतात, त्यांच्या निळ्या पोशाखामुळे. त्यांच्यातला एक छोटा गट 'सर्कस' या नावाने ओळखला जातो. एका शोच्या गावाहून दुसऱ्या गावी विमानं जातात तेव्हा प्रत्येक पायलटच्या मागच्या सीटवर सर्कसमधला एक जण बसलेला असतो. उतरल्याबरोबर तोच विमान तपासतो, इंधन भरतो, धुराचं मिश्रण भरतो आणि पुढच्या उड्डाणाला तयार करतो. कसरती चालू असताना मात्र मागची सीट रिकामी असते.

धुराचं सांगतो, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. तो खरा धूर नसतोच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या झोतात डिझेल सोडतात, त्याची लगेच वाफ होते, बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. डिझेलमध्ये रंग मिसळला की लाल किंवा निळी. रेड ॲरोजच्या एका विमानात पाच मिनिटं पांढरा, एक मिनिट लाल आणि एक मिनिट निळा, एवढाच साठा मावतो. शो चालतो वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे कुठल्या सेकंदाला कुठलं बटण दाबायचं हेही पाठ असावं लागतं, आणि खाली ते रंग भरणारी वेगळी माणसं लागतात.

आता पायलट. रेड ॲरोजमध्ये यायला लढाऊ जेटचा किमान १,५०० तासांचा अनुभव हवा. निवड झालेला पायलट साधारण तीन वर्षं टीममध्ये राहतो, म्हणजे दर वर्षी तीन जुने जातात आणि तीन नवे येतात. हिवाळाभर सराव, दिवसातून तीन उड्डाणं, आठवड्याचे पाच दिवस. आधी तीन-चार विमानं एकत्र, मग हळूहळू नऊ. वसंतात उजेड आणि स्वच्छ हवा मिळावी म्हणून सायप्रस-ग्रीसकडे जातात. मे महिन्याच्या शेवटी वरिष्ठ अधिकारी पूर्ण शो बघतात आणि लोकांसमोर उडायची परवानगी देतात. त्या दिवसापर्यंत पायलट हिरव्या पोशाखात असतात. परवानगी मिळाली की लाल चढवतात. मला हे भारी आवडतं. आमच्याकडे कोड रिव्ह्यू पास झाल्यावर शर्ट बदलायची पद्धत असती, तर काही जण वर्षभर एकाच शर्टात दिसले असते.

या पद्धतीची कमजोरीही इथेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'बस फॅक्टर' असा एक शब्द वापरतात: टीममधली किती माणसं अचानक नाहीशी झाली तर काम ठप्प होईल, तो आकडा. रेड ॲरोजचा हा आकडा फार लहान आहे. हंगामाच्या मध्यात कुणी गेलं तर बाहेरून पायलट आणून बसवता येत नाही, कारण हिवाळ्यातला सराव त्याने केलेला नसतो. २०११ साली टीमचे दोन पायलट तीन महिन्यांच्या आत गेले. एक ऑगस्टमध्ये बोर्नमथच्याच शोनंतर झालेल्या अपघातात. दुसरा नोव्हेंबरमध्ये, तोही जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात: इजेक्शन सीट चुकून उडाली आणि एक बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला गेल्यामुळे पॅराशूट उघडलं नाही. एक बोल्ट! २०१२ चा हंगाम टीमने सात विमानांवर काढला. २०२२ मध्ये पुन्हा तेच झालं. हंगामाआधी दोन पायलट टीमबाहेर गेले आणि सातच विमानं उडाली. त्याच काळात टीममधल्या काही जणांच्या गैरवर्तनाची चौकशी चालू होती आणि पुढे तिचे निष्कर्षही जाहीर झाले. नऊ विमानं परत दिसली ती २०२३ मध्ये.

मार्च २०१८ मध्ये वेल्समधल्या व्हॅली तळावर रेड ॲरोजचं एक विमान कोसळलं. पायलट वाचला, पण मागच्या सीटवरचा सर्कसचा इंजिनियर गेला. ही टीम किती पायलटांवर चालते याची चर्चा पुष्कळ होते. मागच्या सीटवरच्या माणसाची फार कमी होते.

तोच माणूस, तीन ठिकाणी

रेड ॲरोज निदान पूर्णवेळ हेच काम करतात. बाकीच्यांचं तसं नाही. 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट' ही तुकडी महायुद्धातली स्पिटफायर, हरिकेन आणि लँकॅस्टर विमानं उडवते. तिचे बरेच पायलट आपली मुख्य नोकरी सांभाळून येतात, म्हणजे आठवडाभर टायफून या आधुनिक जेटवर ड्युटी आणि सुट्टीच्या दिवशी ऐंशी वर्षं जुनं स्पिटफायर. मे २०२४ मध्ये कोनिंग्जबी तळाजवळ यातलं एक स्पिटफायर पडलं आणि पायलटचा मृत्यू झाला. त्यानंतर काही काळ या तुकडीची उड्डाणं थांबली आणि त्या उन्हाळ्यात अनेक गावांच्या कार्यक्रमपत्रिकेत भोकं पडली.

टायफूनचा एकट्याचा कसरतींचा कार्यक्रमही असाच. त्यासाठी एक पायलट आणि थोडे तंत्रज्ञ लागतात. पण त्याच टायफूनना ब्रिटनच्या आकाशात घुसणाऱ्या अनोळखी विमानांमागे चोवीस तास धावायला तयार राहायचं असतं. शिवाय सायप्रसमधून मोहिमा असतात आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून नाटोच्या पूर्व सीमेवरची गस्त वाढली आहे. पायलट घडवणारी साखळीही अडलेली होती: प्रशिक्षणाच्या हॉक टी-२ विमानांच्या इंजिनात दोष निघाला, विमानं कमी उडू लागली आणि शिकाऊ पायलटांची रांग लांबत गेली. अशा वेळी "शनिवारी अमुक गावात शो आहे, एक विमान आणि दहा माणसं द्या" म्हणणाऱ्या आयोजकाला तळावरचा अधिकारी काय उत्तर देत असेल? ज्यांनी कधी दोन माणसांच्या टीममध्ये ऑन-कॉल ड्युटी केली आहे त्यांना सांगायला नको.

विमानांचे प्रकारही कमी झाले. जग्वार २००७ मध्ये गेलं, हॅरियर २०१० च्या शेवटी, टॉर्नेडो २०१९ मध्ये. लोकांचं लाडकं व्हल्कन बॉम्बर, जे एका ट्रस्टने वर्गण्या गोळा करून उडतं ठेवलं होतं, ते २०१५ नंतर उडलं नाही. हॅरियर हवेत एका जागी थांबून प्रेक्षकांपुढे मान लववायचं, तसं करणारं दुसरं काही राहिलं नाही. थाळीतले पदार्थ असे एकेक करून उचलले, तर जेवणारे कुरकुरणारच.

शोरहॅमनंतर

ब्रिटनमधले नियम कडक होण्याला इतिहास आहे. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोच्या शोमध्ये एक विमान हवेतच मोडलं आणि त्याचे तुकडे गर्दीवर पडले. विमानातले दोघं आणि २९ प्रेक्षक गेले. विमान गर्दीच्या दिशेने वळवायचं नाही, ठरावीक अंतराच्या आत यायचं नाही, हे नियम त्यातून आले आणि त्यांनी पुढची कितीतरी दशकं प्रेक्षकांना सांभाळलं. जर्मनीतल्या रामस्टाइनला १९८८ मध्ये इटलीच्या टीमची विमानं एकमेकांवर आदळली, ७० माणसं गेली आणि तिथे तर एअर शोचं चित्रच बदललं.

मग २२ ऑगस्ट २०१५. दक्षिण इंग्लंडमध्ये शोरहॅमला एक जुनं हंटर जेट उभा गोल घेताना पुरेशा उंचीवर वर आलंच नाही आणि शेजारच्या हायवेवर कोसळलं. ११ जण गेले. त्यातले बरेचसे शो बघायला आलेलेही नव्हते, रस्त्याने आपल्या वाटेने चालले होते. पायलट वाचला, खटला चालला आणि २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला.

यानंतर ब्रिटनच्या नागरी विमान नियामकाने अंतरं वाढवली, पायलटांच्या तपासण्या वाढवल्या, शोच्या जागेबाहेर जमणाऱ्या लोकांचा आणि रस्त्यांचाही विचार आयोजकांनी करावा अशी अट घातली आणि परवानगीची फीसुद्धा चढवली. आयोजकांनी आरडाओरडा केला. मला दोन्ही बाजू पटतात. पण परिणाम काय झाला? फार्नबरोभोवती आता दाट वस्ती आहे, म्हणून २०१६ मध्ये रेड ॲरोज तिथे पूर्ण कसरती न करता फक्त वरून उडून गेले. लोक तिकीट काढून आलेले! २०१८ नंतर फार्नबरोने सामान्य लोकांसाठीचे दिवसच बंद केले. आता तिथे मुख्यतः विमानं विकणारे आणि घेणारे जमतात.

मग लोकांना रस राहिला नाही का?

इथे थोडं थांबू या, कारण "लोकांना रस नाही" हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

फेअरफर्डला दर जुलैमध्ये 'रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू' नावाचा प्रचंड शो होतो. तो आरएएफच्या नावाशी जोडलेला एक धर्मादाय ट्रस्ट चालवतो आणि हजाराहून जास्त स्वयंसेवक राबतात. २००३ मध्ये तिथे ५३५ विमानं जमली होती, तो गिनेसचा विक्रम आहे. आजही तिथली तिकिटं महिनोन्महिने आधी घ्यावी लागतात. म्हणजे शौकीन माणूस गेला नाही. तो पैसे मोजतो, तंबू ठोकतो, हातभर लांबीची लेन्स घेऊन उभा राहतो.

गेला तो वाटेवरचा माणूस. पूर्वी जवळच्या तळावर, बसने जाता येईल अशा ठिकाणी शो असायचा, म्हणून आई-बाबा मुलांना घेऊन सहज जायचे. आता तळच कमी झाले. ओळखीत कुणी वायुदलात असण्याची शक्यताही कमी. जेट विमानाचं अप्रूप होतं तेव्हा लोक धावत जायचे. आता सुट्टीला विमानाने जाऊन आलेला मुलगा मोबाइलवर त्याच कसरती कॉकपिटच्या कॅमेऱ्यातून बघतो, तेही स्लो मोशनमध्ये. समुद्रकिनाऱ्यावरचे फुकट शो हाच या वाटेवरच्या माणसाचा शेवटचा आसरा होता. पण ते नगरपालिकांच्या पैशावर चालायचे, आणि वृद्धांची काळजी, शाळा, रस्ते यांनाच पैसे पुरेनासे झाल्यावर पहिली कात्री तिथेच लागली. सुंदरलँडचा शो गेला. डॉलिशचा गेला. ईस्टबोर्नला २०२५ मध्ये झाला नाही. काही ठिकाणी कार्बन उत्सर्जनाचाही मुद्दा आला.

वायुदलाच्या दृष्टीने हा तोटा साधा नाही. एअर शो ही भरतीची सगळ्यात जुनी जाहिरात. दहा वर्षांची मुलगी टायफूनच्या आवाजाने दचकते आणि आठ वर्षांनी तंत्रज्ञ म्हणून अर्ज करते, असा तो हिशेब. माणसं कमी म्हणून शो कमी, शो कमी म्हणून मुलांशी ओळख कमी, ओळख कमी म्हणून भरती अवघड. याला आम्ही फीडबॅक लूप म्हणतो आणि असला लूप कोडमध्ये सापडला तर रात्री झोप लागत नाही. अर्थात, किती मुलं खरोखर शोमुळे भरती होतात हे मोजणं महाकठीण आहे. म्हणूनच बजेटच्या बैठकीत हा मुद्दा हरतो. खर्चाची पावती दाखवता येते, दचकलेल्या मुलीची नाही.

अमेरिकेत तर एकदा प्रयोगच झाला. २०१३ मध्ये सरकारी खर्चात सरसकट कपात लागू झाली आणि नौदलाची ब्लू एंजल्स व वायुदलाची थंडरबर्ड्स, दोन्ही टीम एप्रिलपासून वर्षभर घरी बसल्या. त्यांच्या भरवशावर उभे असलेले कित्येक शो रद्द झाले. पुढच्या वर्षी टीम परतल्या, कारण तिथे कात्री पैशाला लागली होती आणि पैसा परत आला. ब्रिटनमधली अडचण चिवट आहे. प्रशिक्षित माणूस एका बजेटमध्ये परत येत नाही.

आपल्याकडे हे घडून गेलंय

हे वाचून "चला, आपलं बरं आहे" असं वाटलं असेल, तर सूर्यकिरणची गोष्ट ऐका. ही टीम १९९६ मध्ये बीदरला सुरू झाली, किरण मार्क-२ या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमानांवर. जुलै २००९ मध्ये नव्या पायलटांना शिकवायची एचपीटी-३२ विमानं एका जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर आणली गेली. आता शिकवायचं कशावर? किरणवर. मग किरण पुरेनात. फेब्रुवारी २०११ मध्ये बेंगळुरूच्या एरो इंडियात सूर्यकिरणने कसरती केल्या आणि टीम थांबवण्यात आली. विमानं शिकवणीला गेली. चार वर्षं भारताकडे अशी जेट टीम नव्हती. २०१५ मध्ये हॉक मार्क-१३२ वर ती परत उभी राहिली, आणि हे हॉक म्हणजे रेड ॲरोजच्या हॉकचंच नवं भावंड. आज त्यांच्या तिरंगी धुराची यंत्रणा आपल्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत बनली आहे, हे मरीन ड्राइव्हवर माझ्या शेजारी बसलेल्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये येलहंकाला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना धडकली आणि एक पायलट गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर वायुदलाच्या लढाऊ तुकड्या २९ वर आल्या. मंजूर आहेत ४२. म्हणजे ताण आपल्याकडेही आहे, फक्त गर्दी कमी झालेली नाही. उलट आपला प्रश्न गर्दीचाच आहे. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना बीचवर लाखो लोक भर उन्हात जमले आणि पाच जणांचा मृत्यू झाला. पाणी, सावली, घरी परतायला गाड्या, हेही मनुष्यबळच असतं. ते वायुदलाच्या यादीत नसतं एवढंच.

ड्रोन लावले तर?

टेक वेबसाइटवर हा प्रश्न येणारच. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला १,००० ड्रोननी आकाशात चित्रं काढली. ती आयआयटी दिल्लीतून निघालेल्या बॉटलॅब डायनॅमिक्स या स्टार्टअपची करामत होती. प्रत्येक ड्रोनला आपली जागा आणि वेळ आधीच दिलेली असते, जीपीएसवर ती अचूक साधली जाते, आणि जमिनीवरची छोटीशी टीम लॅपटॉपवर लक्ष ठेवते. पायलट नको, इजेक्शन सीट नको, १,५०० तास तर नकोतच. मनुष्यबळाच्या हिशेबात ड्रोन जिंकतो.

पण तो वेगळा खेळ आहे. ड्रोन शो रात्री, शांतपणे, फटाक्यांच्या जागी छान बसतो. जेट डोक्यावरून गेलं की छातीत जो हादरा बसतो तो त्यात नाही. आणि मुख्य म्हणजे, जेट बघताना आत माणूस आहे हे आपल्याला माहीत असतं. मी स्वतः ऑटोमेशनवर पोट भरतो, तरी हे कबूल करतो.

रेड ॲरोजचं पुढे काय?

त्यांची हॉक टी-१ विमानं टीमकडे १९८० च्या हंगामापासून आहेत. तुम्ही वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या, आणि माझ्याही, जन्माआधीची. मार्च २०२२ मध्ये आरएएफच्या बाकी तुकड्यांनी हे विमान सोडलं. आता फक्त रेड ॲरोज वापरतात. एखादं जुनं सॉफ्टवेअर कंपनीत एकाच विभागात उरलं की काय होतं ते आठवा: सुटे भाग, जाणकार माणसं, कागदपत्रं, सगळा भार त्या एका विभागावर. निवृत्तीचं वर्ष २०३० ठरलेलं आहे. जून २०२५ च्या ब्रिटिश संरक्षण आढाव्यात टी-१ आणि टी-२ या दोन्ही हॉकच्या जागी कमी खर्चाचं नवं प्रशिक्षण जेट घ्यावं अशी शिफारस झाली. विमान निवडणं, बनवणं, त्यावर पायलट तयार करणं आणि मग नऊ जणांना एकत्र उडवणं, यासाठी २०३० फार लांब नाही.

तुम्ही बघायला जाणार असाल तर

फ्लाइट ट्रॅकर ॲपवर कसरतीची विमानं शोधत बसू नका. ही ॲप्स विमान स्वतः रेडिओवरून आपली जागा सांगतं त्यावर चालतात आणि लष्करी विमानं अनेकदा ती सांगत नाहीत. नकाशा आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण एका टॉवरवर लाख फोन आले की नेटवर्क बसणारच. व्हिडिओ काढताना झूम करू नका, फोन आडवा धरा, फोकस लांबवर लॉक करा. आणि एक फेरी फोन खिशात ठेवून बघा.

माझा तो सहकारी २०२५ च्या जूनमध्ये मुलीला घेऊन कॉसफर्डला गेला. किनाऱ्यावर पायी जाऊन फुकट बघायचा माणूस, तो तिकीट काढून तीन-साडेतीन तास गाडी चालवत गेला. सोमवारी कॉलवर विचारलं तर म्हणाला, मुलीने कान झाकून घेतले आणि नंतर गाडीत झोपून गेली. पार्किंगमधून बाहेर पडायलाच दीड तास लागला.